दगडात आणि पाण्यात लिहिलेला इतिहास



पृथ्वीवर फिरा आणि आपल्या आधी होऊन गेलेल्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी शिकवण पवित्र कुरआनने आपल्याला दिली आहे. तरीही शाळेची सहल निघाली की "अभ्यास सोडून हे कशाला?" असा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. मुलीच्या बाबतीत तर नकार आधीच ठरलेला असतो. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या महाराष्ट्राचा एकच भाग घ्या. वेरूळला एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू व जैन अशी ३४ लेणी शेजारी शेजारी आहेत. त्यांतील कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरले गेले, तेही कळसाकडून पायाकडे! जवळच देवगिरीचा किल्ला आहे. यादवांची ही राजधानी १३२७ साली महंमद तुघलकाने दौलताबाद या नावाने साऱ्या हिंदुस्थानची राजधानी केली. लोणारला उल्कापाताने काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले व त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर झाले.

पण मला विशेष सांगायचे आहे ते मलिक अंबरविषयी. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. शहराची तहान भागविण्यासाठी त्याने जमिनीखालून नहर आणली. पुढच्या शतकात अशाच खापरी नळांतून आलेल्या पाण्याच्या जोरावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले व फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाऊ लागले. १६२६ साली वारलेला मलिक अंबर खुलताबादला चिरनिद्रा घेत आहे.

गुलामाचा वजीर झाला, तो जन्माच्या नव्हे तर कर्तृत्वाच्या बळावर. हा धडा पुस्तकात एका ओळीचा असतो. पाणचक्कीच्या हौदाजवळ उभे राहिले म्हणजे तो मनावर कायमचा ठसतो.

विद्यार्थ्यांनो, सहलीला वही घेऊन जा. भिंतीवर नाव कोरू नका. नाव कमवायचे असेल तर मलिक अंबरासारखे कामातून कमवा.

आणि पालकहो, पुढच्या सहलीच्या संमतिपत्रावर सही करताना मुलगा आणि मुलगी असा भेद करू नका. इतिहास दोघांचाही आहे.