जवसाची चटणी

जवसाची (अळशीची) चटणी ही जवसाचे बी भाजून व कुटून केली जाणारी कोरडी चटणी होय. मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर कर्नाटकात ती प्रचलित आहे. हिंगोली जिल्ह्यात ती ज्वारीच्या भाकरीबरोबर, वर कच्चे तेल घालून खातात. जवस हे जमिनीतील ओलाव्यावर येणारे रब्बी पीक आहे. मात्र सोयाबीन, हरभरा व हळदीच्या या जिल्ह्यात त्याचा पेरा आता थोडाच उरला आहे.

कृती व उपयोग

बी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजतात. निवल्यावर लाल तिखट, लसूण, जिरे व मीठ घालून खलबत्त्यात कुटतात. मिक्सरमध्ये सलग फिरवल्यास तेल सुटून गोळा होतो, म्हणून थांबून थांबून फिरवावे. काही घरांत शेंगदाणे किंवा तीळही घालतात. ही चटणी दह्यात कालवून, खिचडीवर भुरभुरून किंवा भरल्या वांग्याच्या सारणात वापरली जाते.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम जवसात सुमारे ५३४ किलोकॅलरी ऊर्जा, ४२ ग्रॅम स्निग्धांश, १८ ग्रॅम प्रथिने व २७ ग्रॅम तंतू असतात. स्निग्धांशाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ असतो. मराठवाड्यात रुळलेल्या करडईच्या तेलात हे आम्ल जवळजवळ नसते. त्यामुळे भाकरी आणि करडईचे तेल असलेल्या ताटातील नेमकी उणीव ही चटणी भरून काढते. १० ग्रॅम जवसातून ते सुमारे २ ग्रॅम मिळते. शेंगदाणे अधिक घातल्यास हे प्रमाण अर्थातच घटते. तथापि मासळीत आढळणाऱ्या ओमेगा-३ आम्लांत त्याचे रूपांतर शरीरात फार कमी होते, म्हणून जवसाला मासळीचा पूर्ण पर्याय म्हणणे योग्य नाही. लायसिन या अमिनो आम्लाची ज्वारीतील कमतरताही जवसाने भागत नाही. त्यासाठी वरणच हवे.

अख्खे बी बरेचसे न पचताच बाहेर पडते, म्हणून कुटणे आवश्यक ठरते. कच्च्या बियांत सायनाइड निर्माण करू शकणारी संयुगे अल्प प्रमाणात असतात. भाजल्याने ती कमी होतात.

टिकाऊपणा

हवेशी संयोग पावून वाळण्याच्या ज्या गुणामुळे जवसाचे तेल रंग व व्हार्निशमध्ये वापरतात, त्याच गुणामुळे कुटलेली चटणी लवकर खवट होते. अख्खे बी पुष्कळ दिवस टिकते. त्यामुळे चटणी आठ-दहा दिवसांपुरतीच कुटून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतात.