पहाटे चारपर्यंतचे सहा तास

चाकण एमआयडीसीत उलट्या-जुलाबांनी गळालेला कामगार रात्री दवाखान्यात येणं रोजचंच. पुढचा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही, आकडेही उदाहरणादाखल आहेत. पण अशी रात्र याच क्रमाने बिघडते.

रात्री १०. सेकंड शिफ्ट अर्धवट सोडून मित्रांनी त्याला आणलं. सलाईन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, सोबत लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक. ही दोन्ही औषधं ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवतात, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. जुलाबांत पोटॅशियमही गेलेलं, त्यानेही तेच होतं.

१२. पायांत गोळे. पोटॅशियम २.७ आलं, किमान ३.५ हवं. रिपोर्ट फाईलला लागला. वॉर्डात रात्रपाळीला एकच सिस्टर, तीही दुसऱ्या पेशंटजवळ. डॉक्टरांना फोन आणि ईसीजी, दोन्ही याच वेळी व्हायला हवं होतं.

२. "सिस्टर, छातीत धडधडतंय." मॉनिटरवर नाडी ८०, बीपी ठीक, अलार्म गप्प. तिने मनगटावर तीन बोटं ठेवली आणि पूर्ण मिनिटभर मोजलं. एक ठोका घाईने आला, मग मोठा खंड, मग पुन्हा नेहमीची लय. पुन्हा तसंच. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं असतं, तर हे निसटलं असतं. ईसीजी काढला: क्यूटी ५२० मिलिसेकंद. ५०० पलीकडे धोका झपाट्याने वाढतो. आता फोन झाला. डॉक्टर दुसरीकडे अडकलेले.

३.३०. बाथरूमच्या दारात भोवळ, काही सेकंदांत शुद्ध. नातेवाईक म्हणाले, अशक्तपणा. माझ्या मते या रात्रीतली सर्वांत महागडी समजूत हीच.

४. मॉनिटरवर दोरीला पीळ पडावा तशा लाटा. १९६६ साली फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी वर्णन केलेली टॉर्साद ही हृदयाची जीवघेणी लय. नाडी लागत नाही. सिस्टर छाती दाबू लागली. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय गाठेपर्यंत थांबता येत नाही. छाती दाबली नाही, तर विजेच्या शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरात जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १९६२ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांच्या हृदयविभागात डॉक्टरची वाट न पाहता शॉक देण्याचं काम परिचारिकांकडे आलं. चाकणच्या छोट्या वॉर्डातल्या सिस्टरलाही ते प्रशिक्षण आणि तो अधिकार हवाच.

४.०४. शॉक. लय परतली. मॅग्नेशियम २ ग्रॅम शिरेतून. ऑन्डान्सेट्रॉन, लिव्होफ्लॉक्सॅसिन बंद. मग पोटॅशियम, थेट न ढकलता सलाईनमधून, सावकाश. बाराच्या रिपोर्टवर सुरू व्हायला हवं होतं ते.