सोळा आण्यांचे गाव

मालगुजारीच्या, म्हणजे सारा वसूल करणाराच गावाचा मालक असण्याच्या, काळात भंडारा जिल्ह्यात पैसेवाल्याला जमिनीत पैसा गुंतवायचा असला, की तो एकर मोजत बसत नसे. तो गावाचे आणे विकत घेई. पूर्ण गाव सोळा आण्यांचे. चार आण्यांचा हिस्सा घेणाऱ्याला गावातल्या वसुलीचा चौथा वाटा, सीर म्हणजे मालकाच्या घरच्या जमिनीतला भाग, पडीक, झाडझाडोरा आणि तलावावरचा हक्क मिळे. आज गोंदिया जिल्ह्यात मोडणारा तिरोडा तालुका तेव्हा भंडाऱ्यातच होता. गोंदिया वेगळा झाला तो 1999 मध्ये. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेले चोरखमारा याच तालुक्यातले.

त्याआधी या मुलखात जमीन मिळवण्याचे भांडवल म्हणजे घाम. धानाला पाणी हवे आणि पाऊस बेभरवशाचा, म्हणून ज्याने पाळ घालून पाणी अडवले त्याला त्याखालची जमीन सवलतीने कसायला मिळे. पोवार आणि कोहळी या समाजांनी असे शेकडो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, उभ्या केल्या. नवेगाव बांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते, ते याच परंपरेतून. तलावाशिवाय बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, मोल नव्हते. पुढच्या प्रत्येक व्यवहारात खरेदीखतावर जमीन लिहिली गेली, पण भाव ठरला तो पाण्यावर.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा वसूल करणाऱ्या पाटलांना गावाचे मालक, म्हणजे मालगुजार, ठरवले. मालकी आली म्हणजे गहाण टाकण्याचा आणि विकण्याचा हक्कही आला. वसुलीचा हक्कदार या बंदोबस्ताने कर्जास पात्र झाला, हा या इतिहासातला सर्वांत मोठा बदल. सारा ठरल्या हप्त्याला भरावा लागे; पीक बुडाले तरी हप्ता टळत नसे. मग सावकाराकडे जाणे आले. साधे गहाण, ताबेगहाण किंवा शर्तीची विक्री असे कागद होत. शर्तीच्या विक्रीत मुदतीत पैसे फिटले तर जमीन परत, नाही तर सावकाराची. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी असल्या व्यवहारांना जोर दिला.

जमीन अशी सावकारांकडे जाणे सरकारलाही बोचू लागले. कुळांच्या हक्कांच्या हस्तांतरणावर निर्बंध होतेच. 1898 च्या कुळकायद्याने आणखी एक सोय केली: मालगुजाराने हिस्सा विकला तरी, वेगळी परवानगी घेतलेली नसेल, तर स्वतःच्या सीर जमिनीवर तो मौरुसी, म्हणजे वहिवाटीचा हक्क असलेले, कूळ म्हणून राही. घेणाऱ्याला आणे मिळत, वसुलीही मिळे. पण उत्तम बांध्यांवर नांगर जुन्या मालकाचाच चाले. गुंतवणूकदाराला हे रुचणारे नव्हते. खंडाच्या उत्पन्नासाठी गाव घ्यायचे की कसण्यासाठी, याचा हिशेब त्याला आधीच करावा लागे.

सावकाराला पर्याय सरकारने पुरवला, पण तोकडा. 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि 1884 च्या शेतकरी कर्ज कायद्याने तगाई मिळू लागली. पहिल्या कायद्याची तगाई विहीर, बंधारा अशा कामांसाठी, दुसऱ्याची बियाणे आणि बैलांसाठी. 1904 पासून सहकारी पतसंस्था आल्या. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी मध्य प्रांतात भूतारण बँकांचा कायदा 1937 मध्ये झाला. त्याआधी 1933 मध्ये कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला होता, यावरून कर्जाचा डोंगर किती वाढला होता ते कळते.

दरम्यान सरकार स्वतः तलाव बांधण्यात उतरले. तिरोडा तालुक्यात बोदलकसा आणि चोरखमारा हे मोठे तलाव इंग्रजी अमदानीतले. चोरखमाऱ्याचा 1923 चा. मालगुजाराच्या तलावाचे पाणी गावच्या रिवाजाने वाटले जाई. सरकारी तलावाच्या पाण्याला पाणीपट्टी लागे. तरी कालव्याखालच्या बांधीची रोवणी पावसाने ओढ दिली तरी पार पडण्याची आशा राही, आणि अशा बांधीला कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीनेही जास्त पत.

आण्यांचा बाजार 31 मार्च 1951 ला बंद झाला. भंडारा तेव्हा ज्या राज्यात होता, त्या मध्य प्रदेशच्या सरकारच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. मालगुजारांकडे घरची शेती राहिली, गावावरच्या हक्कांबद्दल भरपाई ठरली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना आजही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. नंतर विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळकायद्याने 1 एप्रिल 1961 पासून पात्र कुळांना मालक मानले. किंमत ठरवून ती हप्त्यांनी भरण्याची सोय होती. अनेक घरांची पहिली जमीन-खरेदी हीच, आणि त्यासाठी सावकाराचा उंबरठा चढावा लागला नाही.

त्यानंतर खरेदीचे माप झाले गट नंबर आणि सातबारा. बँकेचे कर्ज घेतले की इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, हा सर्वसाधारण नियम. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. 1974 च्या दुरुस्तीने हा निर्बंध कडक केला. तलावाचे पाणी, गुरांची वाट, सरपण यांचे गावाचे हक्क निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेले असतात. खरेदीखतात यातले काही दिसत नाही, म्हणून जाणता गिऱ्हाईक इसार देण्याआधी ही दप्तरे बघतो.

नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झाले आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. चोरखमाऱ्याला जंगलात जाण्याचे प्रवेशद्वार आहे, त्यामुळे धानाचा विचार न करताही इथली जमीन हवी असणारे आले. तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पानेही जमिनीला वेगळी मागणी आणली. पण पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या तर बिगरशेती वापराचे नियम, वनखात्याचे आणि पर्यावरणाचे निर्बंध पाळावे लागतात. बँकाही नुसत्या शेतजमिनीच्या खरेदीला घराइतक्या सहज कर्ज देत नाहीत. बिगरशेती वापराची कागदपत्रे आणि मंजूर नकाशा हाती असला, की त्यांच्याशी बोलणे पुढे सरकते.