दिवेलागणीनंतरची शाळा

इनामगावला गेलो की घोडनदीकाठच्या पांढरीवर थोडा वेळ थांबतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीही सगळ्यांची घरे सारखी नव्हती, हे त्यातून दिसले. साध्या झोपड्यांच्या वस्तीत एक पाच खोल्यांचे घर निघाले.

हे काम चालू असतानाच पुणे जिल्ह्यात विषमतेचा दुसरा एक शोध सुरू झाला. तो जिवंत माणसांतला, म्हणून बहुधा दुर्लक्षित. १९७९ मध्ये भारतीय शिक्षण संस्थेने चित्राताई नाईक यांच्या पुढाकाराने शाळेबाहेरच्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी खेड्यांत वर्ग काढले. याला त्यांनी कृतिसंशोधन म्हटले. आधी अभ्यास आणि मग योजना, असा क्रम नव्हता. वर्ग चालवायचा, अडले की कारण शोधायचे आणि वर्गच बदलायचा. मुलगी दिवसा का येत नाही? धाकटे भावंड, पाणी, सरपण, गुरे. तर मग वर्ग संध्याकाळी, कामे उरकल्यावर, दोन तास. शिकवणारी व्यक्ती गावातलीच. परीक्षेच्या धाकाऐवजी बालजत्रा. मुलांना काय येते ते साऱ्या गावाने पाहायचे. वर्गांत मुलींची संख्या अधिक होती, ही मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

कल्पना अगदीच नवी नव्हती. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. पण फुल्यांनीच १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. मला अडते ते इथेच. रात्रीचे दोन तास हा मुलीचा हक्क की दिवसभराच्या राबण्याशी केलेली तडजोड? थकलेल्या लेकरासाठी शाळा वाकली, हे खरे. तिचे काम मात्र तसेच राहिले. तरीही, शाळा सवडीने येईल म्हणून त्या मुलींना थांबवून ठेवणे मला अधिक अन्यायाचे वाटते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच वर्षी डिसेंबरात चित्राताई गेल्या.

१९८२ साली बारा वर्षांची असलेली मुलगी आज माझ्याच वयाची आहे. शिरूर-दौंडकडे फिरताना पन्नाशीतली बाई भेटली, की मी विचारतो, “ताई, लहानपणी रात्रीच्या वर्गाला जायचात का?” वही उघडून उत्तराची वाट पाहतो.