अठरा माणसे आणि एक हरवलेला वार

मॅगेलनने पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घातली, हे वाक्य शालेय पुस्तकांतून इतक्या पिढ्या घोकले गेले आहे की, त्यात दुरुस्ती सुचवणे हा वक्त्याचा आगाऊपणा ठरावा. तथापि वस्तुस्थिती अशी की, २७ एप्रिल १५२१ रोजी मॅगेलन फिलिपाइन्समधील मक्तान नावाच्या लहानशा बेटाच्या किनाऱ्यावर, पाण्यात उभा राहून लढता लढता मारला गेला. प्रदक्षिणेचा बराच भाग तेव्हा उरला होता. शिवाय पृथ्वीला वळसा घालावा असा त्याचा बेतही नव्हता. लवंगांची मोलुक्का बेटे पश्चिमेकडून गाठायची, ती स्पेनच्या वाट्यात येतात असे दाखवायचे आणि आल्या वाटेने परत फिरायचे, एवढाच त्याचा संकल्प होता. मग प्रदक्षिणा कोणी घातली, आणि का घातली? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर सफरीच्या आरंभात नाही, शेवटात आहे. म्हणून आज आम्ही त्या सफरीच्या शेवटल्या साडेआठ महिन्यांविषयीच बोलणार आहोत.

आरंभ दोन शब्दांत सांगून टाकू. २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या सानलुकार बंदरातून पाच जहाजे निघाली. त्यांवर सुमारे अडीचशे माणसे होती. एक जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फुटले, एक सामुद्रधुनीतूनच पळून स्पेनला परतले, आणि एक पुढे हाकायला माणसे पुरेनात म्हणून फिलिपाइन्सजवळ मुद्दाम जाळावे लागले. ८ नोव्हेंबर १५२१ रोजी मोलुक्कातील तिदोर बेटावर पोचली ती दोनच, ट्रिनिदाद आणि व्हिक्टोरिया. तिथल्या सुलतानाने त्यांचे स्वागत केले. कापड, आरसे, लोखंडी हत्यारे देऊन लवंगा घेण्याचा व्यापार जोरात चालला. डिसेंबरात दोन्ही जहाजे गच्च भरून निघणार, तोच ट्रिनिदादच्या तळाशी पाणी शिरत असल्याचे ध्यानात आले. सुलतानाने आपले पाणबुडे खाली पाठवले. केस मोकळे सोडून ते तळाखाली फिरले, म्हणजे पाणी कुठून ओढले जाते ते केसांच्या ओढीवरून कळावे. पण भोक काही सापडले नाही.

तेव्हा असे ठरले की, ट्रिनिदादने दुरुस्तीसाठी तिथेच राहावे आणि मागाहून पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून परतावे. व्हिक्टोरियाने वारा अनुकूल आहे तोवर पश्चिमेकडे निघावे. पृथ्वीप्रदक्षिणेचा निर्णय म्हणतात तो एवढाच! एक जहाज गळके निघाले आणि दुसऱ्याला वारा मिळाला. इतिहासातल्या थोर गोष्टींची जन्मपत्रिका पाहू जाता कित्येकदा असेच काहीतरी हाती लागते.

व्हिक्टोरिया हे सुमारे ८५ टनांचे गलबत. कप्तान हुआन सेबास्तियान एल्कानो. हा बास्क खलाशी १५२० साली मॅगेलनविरुद्ध झालेल्या बंडात सामील होता. शिक्षा होऊन मग माफी मिळालेला. जहाज इतके लादले गेले होते की, वाटेत फुटेल या भीतीने साठ क्विंटल लवंगा पुन्हा किनाऱ्यावर उतरवल्या. तो जुना क्विंटल आपल्या सव्वा मणाचा, म्हणजे पाऊणशे मण माल झाला. तरीही कित्येकांनी जहाजावर चढायचे नाकारले. भुकेने मरण्यापेक्षा तिदोरला राहिलेले बरे, असा त्यांचा हिशेब. २१ डिसेंबर १५२१ रोजी व्हिक्टोरियाने नांगर उचलला तेव्हा तिच्यावर ४७ युरोपियन आणि मोलुक्काचे १३ रहिवासी होते. हे तेरा आकडे ध्यानात ठेवावेत. त्यांच्याकडे आम्हांला पुन्हा वळायचे आहे.

आता या वाटेत आपण कुठे येतो ते पाहू. तिमोर बेटावरून फेब्रुवारी १५२२ मध्ये जहाज हिंदी महासागरात शिरले. हा आपला समुद्र. आपल्या दाभोळ-चौलचे नाखवे, कालिकतचे व्यापारी, गुजराती, अरब या सगळ्यांच्या दृष्टीने तो एक वाहता रस्ता होता; मोसमी वाऱ्यावर जावे, बंदरात उतरावे, गोडे पाणी भरावे. पण व्हिक्टोरियाला यातले एकही बंदर मोकळे नव्हते. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी नव्याने सापडणारे जग आपसांत वाटून घेतले होते, आणि या बाजूला पोर्तुगीजांचे राज्य होते. १५१० साली गोवा त्यांनी घेतला, १५११ साली मलाक्का. मॅगेलन स्वतः मूळचा पोर्तुगीज. १५०५ साली तो पोर्तुगीज आरमारातूनच हिंदुस्थानात आला होता. त्याचा तांडा दिसेल तिथे पकडावा म्हणून जहाजे सुटली आहेत, ही बातमी तिदोरलाच कळली होती. तेव्हा व्हिक्टोरियाने हिंदुस्थानचा किनारा तर सोडाच, सगळी वाहती वाट सोडली आणि ती दूर दक्षिणेला, थंडीत आणि उलट्या वाऱ्यांत उतरली. १८ मार्चला एक उंच बेट दिसले. आज त्याला ॲमस्टरडॅम म्हणतात. तिथे नांगर टाकायला जागा मिळाली नाही. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या महासागरात हे लोक उपाशी होते ते समुद्रामुळे नव्हे, एका कागदामुळे.

जहाजावरचे जिणे कसे होते? आंतोनियो पिगाफेट्टा नावाचा इटालियन गृहस्थ जहाजावर होता. हौसेने निघालेला, रोज टिपणे ठेवणारा. त्याच्या वृत्तांतावरून चित्र उभे राहते ते असे : खायला भात, प्यायला पाणी, आणि तिसरे काही नाही. तिमोरला डुकरे, बकऱ्या, म्हशी मिळवल्या होत्या, पण मीठ नसल्यामुळे मांस कुजून गेले. जहाजाच्या फळ्यांतून पाणी आत येत होते आणि रात्रंदिवस पंप चालवावा लागत होता. आधीच्या वर्षी प्रशांत महासागरात याच लोकांनी उंदीर विकत घेऊन खाल्ले होते, डोलकाठीवरचे कातडे समुद्रात भिजवून, भाजून चघळले होते. त्या हालांची वर्णने सर्वत्र सापडतात. आम्हांला मात्र परतीचे हाल अधिक कठीण वाटतात. कारण जाताना पुढे काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, येताना मात्र सर्वांना सर्व ठाऊक होते.

आफ्रिकेच्या टोकाशी पश्चिमेचा वारा असा अडला की, शिडे उतरवून आठवडेच्या आठवडे तिष्ठत राहावे लागले. तेव्हा जहाजावर दोन तट पडले. आजारी आणि थकलेल्यांचे म्हणणे, मोझांबिकला जाऊ. पोर्तुगीज कैद करतील, पण जीव तरी वाचेल. बहुतेकांनी हे मानले नाही. पिगाफेट्टा म्हणतो की, त्यांना प्राणापेक्षा मान मोठा वाटला. असेलही. पण तळाशी पाचशेहून अधिक क्विंटल लवंगा होत्या आणि त्यांत कप्तानापासून खलाशापर्यंत प्रत्येकाचा थोडाफार वाटा होता, हे आम्हांला विसरता येत नाही. मान आणि माल यांची तिथे फारकत करणे कठीण आहे.

मे महिन्यात टोक ओलांडले, त्या गडबडीत पुढची डोलकाठी मोडली. त्यानंतर दोन महिने ताजे अन्न म्हणून नाही. हिरड्या सुजून, अंग काळेनिळे पडून माणसे मरू लागली. रोग कोणता, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही. चार लिंबांनी बरा होणारा. लिंबू-संत्र्यांचा गुण जेम्स लिंडने प्रयोग करून दाखवला तो १७४७ साली. पिगाफेट्टाच्या मोजणीप्रमाणे या टप्प्यात २१ माणसे गेली. प्रेते समुद्रात सोडताना त्याने एक नोंद केली आहे : ख्रिश्चनांची प्रेते आकाशाकडे तोंड करून तरंगत, मोलुक्कावासीयांची पालथी. हे खरे की भुकेल्या डोळ्यांचा भ्रम, याचा निवाडा आम्ही करत नाही. परंतु मेल्यावरही कोण आपला आणि कोण परका हे पाहत राहणारी ती दृष्टी आमच्या मनातून जात नाही.

जुलैत केप व्हर्डची बेटे दिसली. तीही पोर्तुगीजांचीच; पण आता दुसरा उपाय उरला नव्हता. किनाऱ्यावर थाप मारली की, आम्ही अमेरिकेकडून येत आहोत, वादळात डोलकाठी गेली. तांदळाच्या दोन होड्या मिळाल्याही. त्याच वेळी एल्कानोच्या माणसांनी किनाऱ्यावर सहज विचारले, आज वार कोणता? उत्तर आले, गुरुवार. जहाजावर बुधवार होता!

पिगाफेट्टा चक्रावला. तो एकही दिवस आजारी पडला नव्हता, टिपण चुकले नव्हते. आल्बो नावाच्या सुकाणूदाराची नोंदवहीही होती. जहाजाच्या हिशेबाने ९ जुलै, किनाऱ्याच्या हिशेबाने १० जुलै. मग एक दिवस गेला कुठे? आपल्याला क्षयतिथीची सवय आहे. पण क्षयतिथी पंचांगात आधी छापून येते आणि वार काही गळत नाही. इथे वारच गळला होता. उलगडा असा : सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जाणाऱ्याचा प्रत्येक दिवस किंचित लांबतो. पंधरा अंश गेले की एक तास. पूर्ण ३६० अंश गेले की चोवीस तास. जमिनीवरच्या माणसांपेक्षा या लोकांनी तीन वर्षांत एक सूर्योदय कमी पाहिला होता. अबुल फिदा या अरब भूगोलज्ञाने चौदाव्या शतकातच हे तर्काने मांडले होते. पण तर्क निराळा आणि पोटाला चिमटे घेत अनुभवलेला बुधवार निराळा. स्पेनमध्ये यावर मोठी चर्चा झाली. व्हेनिसचा वकील कोंतारिनी याने कोडे उलगडून सांगितले. धर्मभीरू खलाशांना मात्र वेगळीच चिंता : म्हणजे आपण उपासाच्या दिवशी मांस खाल्ले आणि सण भलत्याच दिवशी पाळले! द्वादशीला एकादशी धरल्यासारखेच झाले.

ज्यूल व्हेर्नच्या ऐंशी दिवसांच्या कादंबरीत नायक पूर्वेकडून फिरतो, म्हणून त्याला तोच दिवस फायद्यात मिळतो. फिलिपाइन्समध्ये तर स्पॅनिश लोक पश्चिमेकडून आल्यामुळे शेजाऱ्यांच्या मागे एक दिवस अशी गणना शतकानुशतके चालली, ती १८४४ साली ३१ डिसेंबर हा दिवस वगळून टाकून नीट केली. पण हे विषयांतर झाले.

तिसऱ्यांदा तांदूळ आणायला गेलेली होडी परत आली नाही. तिच्यावर १३ माणसे होती. पैसे संपल्यामुळे कोणी लवंगा पुढे केल्या आणि बिंग फुटले, असे एका हकीकतीत आहे. कोणाच्या तोंडून बोलता बोलता निसटले, असे दुसरीत. पोर्तुगीजांनी जहाज हवाली करायला सांगताच एल्कानोने तेरांना मागे टाकून शिडे सोडली. क्रूर वाटते खरे. पण उरली होती बावीसएक माणसे, त्यांतली बहुतेक आजारी, आणि पंप थांबला की जहाज बुडणार. तिथून स्पेनपर्यंत जवळजवळ दोन महिने त्यांनी पाळी लावून पाणी उपसले.

६ सप्टेंबर १५२२. सानलुकार. निघाल्याला तीन वर्षे व्हायला चौदा दिवस कमी. जहाजावर अठरा युरोपियन. त्याच दिवशी जहाजावरूनच एल्कानोने सम्राट पाचव्या चार्ल्सला पत्र लिहिले. त्यात पृथ्वीचा गोलपणा आम्ही अनुभवला असे तो सांगतो, लवंगांचे सांगतो, आणि केप व्हर्डला अडकलेल्या तेरा जणांना सोडवा अशी विनंती करतो. या विनंतीमुळे त्या माणसाविषयी आमचे मत पुष्कळ बदलते. ती माणसे पुढे सुटलीही. ८ तारखेला सेव्हिलच्या धक्क्यावर तोफा झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंगात नुसते सदरे, पाय अनवाणी, हातात मेणबत्त्या अशा वेषात हे लोक नवस फेडायला दोन देवळांत गेले.

मग हिशेब सुरू झाले. लवंगा विकून मोहिमेचा जवळजवळ सारा खर्च निघाला. ऑक्टोबरात वायादोलिदला चौकशी झाली. तिच्यात बंडाचे प्रश्न होते, मॅगेलनच्या मरणाचे होते, आणि तिदोरला चढवलेल्या लवंगा व इथे उतरवलेल्या लवंगा यांच्या वजनात फरक का, हाही प्रश्न होता. वाटेत सुकल्या, असे उत्तर मिळाले. एल्कानोला वार्षिक ५०० डुकॅटांचे वेतन जाहीर झाले, आणि ढालीवर लवंगा, जायफळे, दालचिनी व पृथ्वीचा गोल असलेले मानचिन्ह मिळाले. पिगाफेट्टाच्या साऱ्या वृत्तांतात मात्र एल्कानोचे नाव एकदाही येत नाही. हे मौन बरेच बोलके आहे. १५२६ साली पुन्हा मोलुक्काच्या वाटेवर असताना एल्कानो प्रशांत महासागरातच वारला.

ट्रिनिदादचे काय झाले? पूर्वेचा वारा काही साधला नाही. ती मोडून परतली आणि पोर्तुगीजांच्या हाती पडली. तिचे कैदी मलाक्काहून आपल्या कोचीनला आणले गेले, कोणी तिथेच मेले, आणि पुष्कळ वर्षांनी चारपाच जण मायदेशी पोचले. तेही पृथ्वी फिरूनच आले, पण त्यांच्यासाठी तोफा झाल्या नाहीत.

आणि ते तेरा मोलुक्कावासी? तिघे-चौघे जिवंत स्पेनला पोचले. त्यांतल्या एकाची हकीकत स्पॅनिश बखरकारांनी दिली आहे. हा गडी फार चौकस होता. दुकानोदुकानी जाऊन एका डुकॅटाचे किती सुटे मिळतात आणि मिरी काय भावाने विकली जाते, हे तो विचारत फिरे. आपल्या बेटावर घेताना काय दिले जाते आणि इथे विकताना काय घेतले जाते, हे त्याला समजू लागले होते. पुढे बाकीच्यांना परत पाठवायचे ठरले, तेव्हा त्याला जाऊ दिले नाही.