अंगठ्याची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक चालली होती. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि वही एका काकूंपुढे आली. त्यांनी सवयीने स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उठवायच्या आधी मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "का हो ताई, हा ठसा कुणी चोरू शकतं का?"

बाकीच्या हसल्या. काकू मात्र हसत नव्हत्या. आठवड्यापूर्वी, गावात मशीन घेऊन येणाऱ्या माणसाकडे त्या पैसे काढायला गेल्या होत्या. "ठसा उमटत नाही, परत लावा," असं म्हणत त्याने तीनदा अंगठा लावून घेतला. हातात पैसे एकदाच आले. पासबुक भरून आणलं तेव्हा खात्यातून दोनदा गेलेले दिसले.

माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. शोधत गेले तर दीडशे वर्षं मागे पोचले, आणि वाटेत दोन जुन्या कादंबऱ्या भेटल्या. आज त्याच सांगते.

सरकारी कागदावर अंगठा घ्यायची रीत साहेबाने विलायतेहून आणली असं मला वाटायचं. पण ती रुजली आपल्याकडे, बंगालमध्ये. १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवायचं कंत्राट त्याने राज्यधर कोनाई या माणसाला दिलं आणि कराराच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. का, तर उद्या 'ही सही माझी नव्हेच' असं म्हणायची त्याची हिंमत होऊ नये. हे हर्शेलनेच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे सुरुवात झाली ती धाक घालण्यापासून. नंतर १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शनसाठी, दस्तनोंदणीसाठी आणि तुरुंगात बोटांचे ठसे घेणं सुरू केलं. माणूस मेल्यावर त्याच्या नावाने दुसऱ्यानेच पेन्शन उचलू नये, हा एक हेतू. हेतू चांगलाच होता.

१८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं खास कार्यालय निघालं. हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा, याचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी बसवलं. १०२४ खणांत ठसे लावायची त्यांची युक्ती होती. त्या पद्धतीला नाव मात्र पडलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. राबायचं एकाने आणि फलकावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता पहिली कादंबरी. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाची 'पुडनहेड विल्सन' १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. ठशांवरचं गॉल्टन या शास्त्रज्ञाचं पुस्तक त्याने वाचलं होतं. १८९२ मध्ये अर्जेंटिनात एका खुनाचा छडा ठशावरून लागला होता, पण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा मान्य केला तो १९११ मध्ये. तेव्हा ट्वेनच्या वाचकांना ही विज्ञानकथाच वाटली असणार.

गोष्ट गुलामगिरीच्या काळातली. रॉक्सी नावाची एक गुलाम बाई. आपलं बाळ उद्या दूर विकलं जाईल या भीतीने ती ते मालकाच्या बाळाशी बदलते. कपडे बदलले, पाळणा बदलला, कुणाला पत्ता नाही. पण त्या गावात विल्सन नावाचा वकील असतो. गाव त्याला येडा म्हणतं, आणि त्याला लोकांच्या बोटांचे ठसे जमवायचा छंद. केसांतून हात फिरवायला सांगायचा, म्हणजे बोटांना तेलकटपणा येतो, आणि मग काचेच्या पट्टीवर बोट टेकवायला लावायचा. दोन्ही बाळांचे ठसे त्याने अदलाबदलीच्या आधीच घेतलेले असतात. तेवीस वर्षांनी एक खून होतो आणि कोर्टात त्या काचा बाहेर येतात. (खुनातला सुरा बडोद्याच्या गायकवाडांनी भेट दिलेला असतो! वाचताना मी दचकलेच.)

खुनी सापडतो, तो रॉक्सीचा मुलगा. इथवर न्याय झाला म्हणू. पण पुढे काय होतं? ठशाने तो गुलाम ठरला, म्हणजे माणूस न राहता मालमत्ता ठरला. घराण्याचे सावकार म्हणतात, आमच्या मालाला तुरुंगात कशाला कुजवता? मग त्याची शिक्षा माफ करून त्याला विकून टाकतात. आणि खरा वारस, जो गुलाम म्हणून वाढला, त्याला इस्टेट मिळते, पण लिहिता-वाचता येत नाही आणि दिवाणखान्यात बसायचंही धाडस होत नाही. तुम्ही कोण आहात एवढंच ठसा सांगतो. त्यानंतर तुमच्याशी कसं वागायचं ते समोरचा ठरवतो. मला वाटतं ट्वेनने हे फार लवकर ओळखलं होतं.

दुसरी कादंबरी १९०७ ची, लंडनमधली. ऑस्टिन फ्रीमन हा लेखक शिकलेला डॉक्टर होता. स्कॉटलंड यार्डने १९०१ मध्ये ठशांचं खातं उघडलं होतं आणि १९०५ मध्ये त्या पुराव्यावर दोन भाऊ फासावर गेले होते. सगळीकडे ठशाचा बोलबाला. अशा वेळी फ्रीमनने 'द रेड थम्ब मार्क' लिहिली. तिजोरीतले हिरे जातात, आत रक्ताने उमटलेला अंगठा सापडतो. पोलीस म्हणतात, अजून काय पुरावा हवा? पण हा अंगठा आला कुठून? त्या घरातल्या बाईंकडे एक गंमतवही असते. आपण मैत्रिणींच्या सह्या घेतो ना, तशी, पण ठशांची. त्यातला ठसा घेऊन, फोटोच्या तंत्राने त्याचा शिक्का बनवून चोराने उमटवलेला असतो. कोर्टात डॉक्टर थॉर्नडाइक खरे आणि खोटे ठसे मिसळून तज्ज्ञापुढे ठेवतात आणि तज्ज्ञाला वेगळे काढता येत नाहीत.

अंगठ्यावरून माणूस ओळखता येतो, ही पहिल्या कादंबरीतली गोष्ट जगाने उचलली. अंगठ्याचीही नक्कल होते, ही दुसरीतली गोष्ट मात्र कादंबरीतच राहून गेली.

इथे मला जयंत नारळीकरांची आठवण होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. परीक्षकांनी नाव बघून निकाल देऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली. कथेला बक्षीस मिळालं. नाव बदलता येतं, अक्षर बायकोकडून उसनं घेता येतं, चोरीला गेलेला पिन नवा करता येतो. अंगठा मात्र जन्मभर एकच.

२९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार एका महिलेच्या हातात पडलं. त्यानंतर आपला अंगठा रेशनला, बँकेला, सिमकार्डाला लागू लागला. २०१८ मध्ये तेलंगणात एक माणूस पकडला गेला. दस्तनोंदणीच्या वेबसाइटवरची खरेदीखतं उतरवून, त्यांवरच्या अंगठ्यांचे शिक्के त्याने रबरी शिक्के करायच्या यंत्रावर बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. फ्रीमनची गोष्ट, एकशे अकरा वर्षांनी. आणि दस्तावर अंगठा घ्यायची सुरुवात हर्शेलने हुगळीत केली होती, हे विसरू नका. २०२३ मध्ये आधारने बोट जिवंत माणसाचं आहे की नाही हे तपासायची नवी सोय आणली, हेही सांगायला हवं. त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला होता.

तर काकूंना मी सांगितलं, हो, चोरू शकतात. पण तुमच्या बाबतीत शिक्काबिक्का लागलाच नाही, तुमचा खराखुरा अंगठाच जास्त वेळा वापरला. बँकेत लेखी तक्रार दिली आहे, अजून उत्तर नाही. तोवर गटाने ठरवलंय, दर वेळी पावती मागायची, आणि 'लागला नाही' म्हणाला तर तशी छापील पावतीही मागायची.

आधारचा अंगठा कुलूपबंद करायची सोय आहे. काम असेल तेव्हा काही मिनिटांपुरतं कुलूप उघडायचं. बैठकीत आम्ही ते करायला बसलो आणि अडलो. मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो, आणि सात जणींच्या आधारला नंबर होता नवऱ्याचा किंवा मुलाचा. काकूंचा मुलगा पुण्याला असतो, त्याच्या फोनवर. आता येत्या बुधवारी आम्ही सातही जणी तालुक्याच्या आधार केंद्रावर जाणार आहोत, स्वतःचे नंबर जोडायला. तिथेही अंगठा लावावा लागेलच.