फेन-फेन: दोन गोळ्या आणि एक खटला

वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा इतिहास लांबलचक आहे, आज आपण एकाच जोडगोळीपाशी थांबू. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमाइन. अमेरिकेत लोक त्यांना फेन-फेन म्हणत. फेंटरमाइनला १९५९ साली परवानगी मिळाली होती, फेनफ्लुरामिनला १९७३ साली. दोन्ही एकत्र घ्यायला मात्र औषध प्रशासनाने कधीच मान्यता दिली नव्हती, हे लक्षात ठेवू या. १९९२ साली रॉचेस्टरमधला एक अभ्यास छापून आला. माणसं होती १२१. तेवढ्यावर डॉक्टर धडाधड चिठ्ठ्या लिहू लागले, आणि १९९६ या एका वर्षात त्यांचा आकडा १ कोटी ८० लाखांवर गेला.

मग उत्तर डाकोटातलं फार्गो गाव. तिथे हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की चांगल्या धडधाकट बायकांच्या हृदयाच्या झडपा जाड झाल्यात, रक्त मागे गळतंय. आणि प्रत्येकीच्या कागदावर त्याच दोन गोळ्या! जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिक आणि फार्गोच्या डॉक्टरांनी अशा २४ जणी जगापुढे मांडल्या. सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन आणि त्याचं धाकटं भावंड रिडक्स बाजारातून गेलं. फेंटरमाइन राहिलं, आजही आहे.

आता जबाबदार कोण? मिश्रण डॉक्टरांनी केलं, कंपनीने नाही, असं म्हणता येतं. पण धोक्याची कुणकुण कंपनीला आधी लागली होती का, आणि वेष्टणावरचा इशारा वेळेत बदलला का, यावर दावे उभे राहिले. ऑगस्ट १९९९ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने एकाच बाईला २ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. दोन महिन्यांत अमेरिकन होम प्रॉडक्ट्स ३७५ कोटी डॉलरच्या देशव्यापी तडजोडीला तयार झाली. क्लास अ‍ॅक्शन म्हणजे सगळ्यांचा मिळून एक दावा. इथली अडचण अशी, की आज ठणठणीत असलेल्या बाईची झडप उद्या बिघडली तर? म्हणून तपासणीचा खर्च आणि पुढे आजार निघाल्यास बाहेर पडून वेगळा दावा करायची मुभा ठेवली गेली. हजारो लोक बाहेर पडलेच. कंपनीने (पुढे तिचं नाव वाएथ झालं) शेवटी सुमारे २१०० कोटी डॉलर बाजूला काढले.

पैसा आला की गिधाडंही येतात, बरं का. तपासण्यांचे अहवाल इतके फुगले, की २००२ मध्ये न्यायालयाने सगळ्याच दाव्यांची छाननी लावली. केंटकीत तर आणखी विपरीत. तिथल्या ४४० जणांसाठी २००१ साली २० कोटींची वेगळी तडजोड झाली. त्यांच्या हाती निम्म्याहून कमी पडले. आपलीच फसवणूक आपल्याच वकिलांनी केली, हे त्यांना नंतर कळलं. यातल्या दोन वकिलांचा कर्लिन या शर्यतीच्या घोड्यात हिस्सा होता. २००७ साली कर्लिन प्रीकनेस जिंकला. २००९ साली त्या दोघांना २५ आणि २० वर्षांची शिक्षा झाली.